कुसुमच्या पाठीचं दुखणं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलांजवळ नाही. तुमच्याजवळ बोलतेय, तर जीभ अडखळतेय — सुरुवात तरी कुठून करू?

कुसुम माझी धाकटी बहीण. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं, आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहत होतो. दिवाळीत वडिलांनी आम्हा दोघींना एक सिनेमा दाखवला. त्यातल्या राजकन्येला कुबड असतं, सगळे तिला हसतात — आणि ती मोठी होते तेव्हा त्या कुबडातून पंख फुटतात. घरी येईपर्यंत कुसुम त्या पंखांचंच विचारत राहिली.

का, ते मला थोड्याच दिवसांनी कळलं. तिला वाकता येत नव्हतं. खाली पडलेली पेन्सिल उचलायची तर ती गुडघे दुमडून, पाठ ताठ ठेवून बसायची. एका दुपारी वेणी घालताना तिनं माझा हात धरून पाठीवर ठेवला. मणक्यावर उंचवटा होता.

"ताई, इथे फार दुखतं गं. आईला सांगू?"

कल्याणची मंडळी तेव्हा मला बघून गेली होती. होकार यायचा होता. घरात दुखणं आहे म्हणून शेजारच्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलेलं मी पाहिलं होतं. हे साधं दुखणं नाही, एवढं मला समजत होतं — नव्हतं समजत, असं कुठल्या तोंडानं म्हणू?

"नको सांगूस," मी म्हटलं. "त्या राजकन्येलाही आधी दुखलंच असेल. कुणाला सांगितलं तर पंख येत नाहीत."

तिचा चेहरा असा खुलला! अकरा वर्षांची पोर ती — माझ्या शब्दावर तिचा केवढा विश्वास.

होकार आला. लग्नात ती करवली म्हणून करा घेऊन माझ्या मागे उभी राहिली. ओठ पांढरे पडले होते. मी मागे वळून पाहिलं — आणि पुन्हा पुढे बघितलं.

मंगळागौरीला माहेरी आले तेव्हा ती अंथरुणात होती. पायांतली शक्ती गेली होती. डॉक्टर म्हणाले, मणक्याचा क्षय, फार उशीर झाला. त्यांनी तिला विचारलं, "बाळ, आधी दुखत नव्हतं का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "नाही," म्हणाली. "कधीच नाही."

माझ्यासाठी म्हणाली, की अजून वाट बघत होती म्हणून? विचारायचा धीर मला झाला नाही. ती पुन्हा उभी राहिली नाही, आणि मग गेलीच.

आई येईल त्याला सांगायची — "विहिरीवरून कळशा मीच तिला आणायला लावल्या, त्यानंच पोरीची पाठ मोडली." ऐकून ऐकून वडिलांनाही ते खरं वाटू लागलं. ते आईशी नीट बोलेनासे झाले. आई मरेपर्यंत तेच म्हणत राहिली, आणि मी तिच्या शेजारी बसून भाजी निवडत राहिले.