घडीमामांचा गळका तराफा

जहाजांवरचे जीवरक्षक तराफे आमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणीला येतात. जहाज बुडायला लागलं की दोरी ओढायची; सिलिंडरमधला गॅस रबराच्या नळ्यांत शिरतो आणि पिंपाएवढ्या डब्यातून छपरासकट एक अख्खी खोली बाहेर पडते. ती बाहेर काढणं कुणालाही जमतं. पुन्हा त्याच डब्यात बसवायला मात्र घडीमामाच लागतात.

मी तिथे हिशेब बघतो. माझं टेबल काचेच्या पलीकडे असल्यामुळे मामांचं काम मला दिवसभर दिसतं. जमिनीवर गुडघे टेकून, तळहाताने हवा काढत, झोपलेल्या बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसे ते घडी घालतात. घरीही हेच. एकदा मामी त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला आल्या होत्या, तेव्हा म्हणाल्या, "पाहुणा उठायच्या आत ह्यांच्या हातात चादरीची दोन टोकं असतात. परवा माझ्या भावाला उठवलं. म्हणे, तुम्ही मधल्या घडीवर झोपलाय."

मामांना ऐकू कमी येतं. कानाला यंत्र आहे, पण तराफ्यांत हवा भरायचा-काढायचा कॉम्प्रेसर सुरू झाला की त्या कानातल्या यंत्राने डोकं उठतं, म्हणून कामाला बसताना ते काढून ठेवतात.

घडीत एखादी वस्तू राहिली तर ती घासून रबराला भोक पडतं. त्यामुळे मामांचा नियम कडक आहे: घडीच्या जागी कुणाच्याही अंगावर उघडा खिसा नको. सगळ्यांच्या कामाच्या कपड्यांचे खिसे त्यांनी स्वतः शिवून टाकले, आपले सर्वांत आधी. एका मदतनिसाची पेन्सिल तराफ्यात सापडली, तर त्याला घडीवरून उठवून लाइफ जॅकेटच्या शिट्ट्या पुसायला बसवलं. तो अजून पुसतोय.

एके दिवशी सकाळी एका मालवाहू जहाजाचा कप्तान आपला तराफा न्यायला आला. डबा बंद होता, पट्टे आवळलेले होते. लेबल वाचायला कप्तान वाकला आणि तसाच राहिला.

"हा आतून वाजतोय कसा?"

मॅनेजरसाहेबांनी डब्याला कान लावला, मग मी लावला. आतून बारीक, सलग 'सीं' येत होतं. साहेबांचा चेहरा उतरला.

"गॅस गळतोय. मामा! तुमचा तराफा गळतोय!"

"माझा?" मामांनी कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. "अजिबात आवाज नाही."

"अहो, तुम्हाला कॉम्प्रेसर तरी ऐकू येतो का? यंत्र घाला आणि ऐका."

मामांनी शिवलेल्या खिशांवरून हात फिरवला. "घरी राहिलं वाटतं."

साहेब त्यांच्या कानाशी ओरडले, "गळती निघाली तर उद्यापासून घडी बंद! तुम्हीही शिट्ट्या पुसायच्या!"

हे मात्र मामांना स्पष्ट ऐकू आलं. आजवर त्यांचा एकही तराफा गळका निघाला नव्हता. ते ताठ उभे राहिले. "दोरी ओढा. काय असेल ते चारचौघांसमोर होऊ दे."

कप्तानाने दोरी ओढली. फाडकन पट्टे तुटले, डब्याचे दोन अर्धे भाग दोन दिशांना गेले आणि तराफा फुसफुसत पसरला. साहेबांची खुर्ची त्याने भिंतीपर्यंत ढकलत नेली. छप्पर उभं राहिलं, फुसफुस थांबली. 'सीं' चालूच होतं, उलट आता खणखणीत.

मग साबणाचा फेस आला. गळती असेल तिथे फेसाला बुडबुडे येतात. मामांनी नळ्या, जोड, झडपा, सगळ्यांना ब्रशने फेस लावला. साहेब मागून नाक लावून तपासत गेले आणि नाकाला फेस लागला. बुडबुडा एकही नाही.

"बघा, कुठंय गळती?"

"पण आवाज येतोय ना!"

"मला नाही येत!"

"तुम्हाला येत नाही म्हणून जगाला येऊ नये का?"

कप्तानाने बूट काढले आणि तो रांगत आत शिरला. मामाही त्याच्या मागे गेले. मामांना ऐकू येत नसल्यामुळे ते कप्तानाच्या तोंडाकडे बघत होते. त्याचं तोंड जास्त वाकडं झालं की आवाज जवळ. दाराशेजारी, टॉर्च ठेवायला आतून चिकटवलेला एक छोटा रबरी खिसा असतो. कप्तानाने त्यात हात घातला आणि कोकलत असलेलं कानाचं यंत्र बाहेर काढलं. कोंडून ठेवलं की ही यंत्रं अशीच ओरडतात.

मामा यंत्राकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "उघडा खिसा तेवढा एकच होता."

साहेबांना हायसं वाटलं. "गळती नाही! सुटलात, मामा!"

पण मामा बाहेर आले ते थेट पेन्सिलवाल्या मदतनिसाशेजारी जाऊन बसले आणि फडकं उचललं. "आत वस्तू राहिली. नियम माझाच आहे."

"अहो, माझं जहाज दुपारी सुटतंय!" कप्तान म्हणाला. "मग याची घडी कोण घालणार?"

सगळ्यांनी मदतनिसाकडे पाहिलं. तो घाईघाईने शिट्टी पुसू लागला.

साहेबांनी थोडा विचार केला. "शिक्षाच हवी ना, मामा? मग घडी तुम्हीच घालायची. पण आजपासून यंत्र कानात घालून. काढायचं नाही."

"फार होतंय, साहेब."

"शिक्षा आहे."

मामांनी यंत्र कानात बसवलं. सिलिंडर बदलला, कॉम्प्रेसर सुरू झाला. मामांनी डोळे घट्ट मिटले, तरी हात बरोबर चालत राहिले. साहेब शेजारी उभे राहून सुरक्षिततेवर बोलू लागले आणि तळापासून छपरापर्यंतची सगळी घडी होईतो थांबले नाहीत. नवे पट्टे आवळून डबा बंद झाल्यावर कप्तानाने कान लावला, मान डोलावली आणि तराफा गाडीत चढवला.

मामा उठले, गुडघे झटकले.

"साहेब, तुम्ही रोज एवढं बोलता?"

"रोज."

"आणि हे सगळे ऐकतात?"

साहेबांनी वळून आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे कामाला लागलो.