दादाचा हात आणि मी लावलेलं टायमिंग

मित्रांनो, आज उमरोळीला दादाच्या तेराव्याला जाऊन आलो.

साठच्या दशकात आमच्या ट्रॅक्टरचं इग्निशन टायमिंग मी चुकीचं लावलं. दादा हँडल फिरवून इंजिन सुरू करायला गेला, तर ठिणगी लवकर पडली, हँडलने उलटा झटका मारला आणि त्याचं मनगट मोडलं. हात कायमचा वाकडा राहिला. तो सगळ्यांना सांगायचा, "माझाच हात घसरला." मी गप्प राहिलो.

आज वहिनीला खरं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं, भावजी. प्लास्टर घालून आले नि एका हातानं टायमिंग नीट केलं. मला म्हणाले, त्याला बोलू नको, नायतर परत इंजिनाला हात लावायचा नाय तो."

पुढे मी जन्मभर मेकॅनिक म्हणूनच पोट भरलं.

चूक माझी होती, एवढंच दादाला सांगायचं होतं. तुम्ही वेळेत सांगितलं असतंत का?