इंटरकॉमने गिळलेला शब्द

वारबिल्लाचा विमानतळ म्हणजे लाल मातीची धावपट्टी, पत्र्याची एक शेड आणि मोजता येणार नाहीत इतक्या माशा. तिथे लॉर्ना पॅस्कोचा आवाज विमानाच्याही आधी ऐकू येई. क्वीन्सलँडच्या त्या कोपऱ्यातल्या गुरंवाल्या निम्म्या घरांना विमान चालवायला तिनेच शिकवलं होतं. साठी उलटलेली, उन्हाने रापलेली बाई. आणि आपल्या शिकवण्याबद्दल तिला काडीची शंका नव्हती.

तिचा एक नियम होता. विमान उतरायला लागलं की ती तोंड मिटून बसे. "शेवटच्या टप्प्यात शिकणाऱ्याला स्वतःचं डोकं वापरू द्यावं," असं ती छाती काढून सांगे. सगळं मनासारखं जमलं, की चाकं टेकायच्या बेतात असताना तेवढी एक शाबासकी द्यायची. बस्स.

हेदर क्विल्टीपुढे मात्र तिच्यावर हात टेकायची वेळ आली होती. हेदरच्या नवऱ्याच्या हृदयाने दगा दिला आणि डॉक्टरांनी त्याचं उडणं बंद केलं. त्यांची जमीन एवढी अफाट, की गुरांच्या पाण्याच्या टाक्या बघायला विमानच हवं. हेदरला जमलं नाही तर सगळं विकून गावात जाऊन राहायचं, हे घरात ठरून गेलं होतं. बाई वर आकाशात झकास चालवायची, धावपट्टीवर नाकासमोर यायची, आणि चाकं टेकता टेकता उजव्या पायाखालचं वळवायचं पेडल दाबून विमान गवतात घालायची. दर वेळी. लॉर्ना "डावा! डावा पाय!" म्हणून ओरडे आणि आपल्या बाजूच्या पेडलने ते परत धावपट्टीवर आणी.

"उद्यापण उजवीकडे गेलीस ना, तर विषय संपला," तिने शेवटी सुनावलं. "विमान सगळ्यांनाच जमतं असं नाही, बाई."

हेदरचा चेहरा उतरला. "पेडलमध्येच काही बिघाड नसेल ना गं?"

"बघितलं मी. पेडल ठणठणीत आहे," शेडमधून मर्व्ह म्हणाला. फ्लाइंग क्लबची विमानं हाच दुरुस्त करायचा आणि लॉर्नाला उलट बोलायची हिंमतही तेवढी याचीच. "लॉर्ना, हिच्या हेडफोनच्या गादीत कॉलरला लावायचा छोटा माइक खुपसू या का? हिच्या कानात काय पडतं ते सगळं रेकॉर्ड होईल. इंजिनाचा गोंगाटही कमी येईल."

"खुशाल कर. मी किती वेळा डावा म्हणते तेही एकदा ऐकू दे तिला!" पुरावा आपल्याच बाजूने निघणार याची लॉर्नाला खात्रीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उड्डाण झालं. विमान सरळ आलं, अलगद खाली उतरलं आणि ठरल्यासारखं गवतात शिरलं. शेडमध्ये तिघं चहाचे मग घेऊन बसली. मर्व्हने रेकॉर्डिंग लावलं. आधी गप्पा, मग नुसती इंजिनाची घरघर. लॉर्ना कौतुकाने स्वतःचीच शांतता ऐकत होती. तेवढ्यात तिचा खणखणीत आवाज आला: "राइट." आणि पाठोपाठ, "डावा! डावा पाय!"

लॉर्ना ताडकन उठली. "मी राइट म्हटलंच नाही! मी 'ऑल राइट' म्हटलं. शाबासकी होती ती!"

मर्व्हने पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग त्याने कपाळावर हात मारला. "अगं, कोणी बोलत नसलं की हेडफोनमधून बोलायचा हा इंटरकॉम झोपतो. आवाजाने जागा होईपर्यंत पहिला शब्द गिळून बसतो. तुझं 'ऑल' त्याच्या पोटात गेलं. तुला तुझा आवाज तुझ्याच डोक्यातून ऐकू येतो, तुला कसं कळणार?"

"आणि तू?" लॉर्ना हेदरवर उसळली. "मी आधी राइट म्हणते आणि मग लेफ्टसाठी बोंबलते, हे विचारावंसं नाही वाटलं तुला?"

"मला वाटायचं, मी जास्तच दाबला म्हणून ओरडतेस," हेदर म्हणाली. "आणि तू ओरडत असताना तुला विचारायचं कोणी?"

मर्व्ह हसत सुटला. लॉर्नालाही हसू फुटणार होतं, पण तो म्हणाला, "म्हणजे आपला डेसही..." मेंढ्यांची लोकर कातरणारा डेस रुथव्हेन. तोही शिकताना उजवीकडेच जायचा. गेल्या हिवाळ्यात लॉर्नाने त्याला सगळ्यांदेखत घरी पाठवलं होतं. तिला आपली भयंकर लाज वाटली.

पण लाज कुरवाळत बसणाऱ्यांतली ती नव्हे. चहाचा मग तसाच टाकून ती हेदरला म्हणाली, "चल, ऊठ."

या खेपेला लॉर्नाने दातांत ओठ धरला. चाकं टेकली. विमान धावपट्टीच्या मधोमध सुतासारखं सरळ धावत गेलं. आणखी दोनदा तसंच झालं. मग धावपट्टीच्या कडेला ती खाली उतरली, दार लावलं आणि हाताने खूण केली: जा, एकटी जा.

हेदर एकटी गेली, एकटी फिरली आणि एकटी उतरली. सरळ. आपला नवरा कुंपणापाशी येऊन उभा आहे, हे तिला इंजिन बंद केल्यावर दिसलं. मर्व्ह मोठमोठ्याने शिट्ट्या मारत होता.

लॉर्ना शेडमध्ये गेली आणि तिने फोन उचलला.

"डेस, लॉर्ना बोलतेय. ठेवू नकोस. चूक माझी होती. तुझा पाय बरोबर होता रे, तो माझंच ऐकत होता."

पलीकडे बराच वेळ नुसता मेंढ्यांचा आवाज येत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच ती समोरच्याच्या बोलण्याची वाट बघत थांबली.

"एवढे दिवस," डेस अखेर म्हणाला, "मी वर विमानाचा आवाज आला की घरात जायचो." मग घसा खाकरून त्याने विचारलं, "शनिवारी येऊ?"