राफ्टिंगच्या दिवशी सरिता झोपली

सरिताच्या नोकरीचं नाव टूर को-ऑर्डिनेटर असं होतं, पण काम विचाराल तर लोकांना दिवसभर खुशीत ठेवणं. प्रताप नगरातल्या एका छोट्या सहल कंपनीत ती लागली तेव्हा मालक पियूष तिला एवढंच म्हणाला होता, "ताई, बसमध्ये कोनाचं तोंड उतरलेलं दिसलं नाही पायजे. बाकीचं आपली पोरं पाहून घेतील." त्याला आता बरीच वर्षं झाली होती. पोरं बदलली, बस बदलली, सरिता तीच राहिली.

हिवाळ्यात, वरच्या धरणातून पाणी सुटू लागलं की दर रविवारी पहाटे बस निघायची. पारशिवनीच्या पुढे नदीकाठी कंपनीचा कॅम्प होता. सकाळी राफ्टिंग, मग चुलीवरचं जेवण, आणि दुपारी एका पडीक शेतात आखलेल्या मातीच्या ट्रॅकवर एटीव्ही, म्हणजे त्या चार जाड चाकांच्या बाईका. एका तिकिटात दोन्ही मजा. बस कामठी रोडला लागली की सरिता माइक घ्यायची. "गुड मॉर्निंग मंडळी. काय बाप्पा, नाश्ता नाही केला का कोनी? आवाजच नाही येऊन राहिला." लोक ओरडायचे. मग अंताक्षरी, मग कोड्यांचा खेळ, मग कोणाचा वाढदिवस असला तर केक. कोणी तरी हमखास म्हणायचं, "मॅडम, नाव सरिता आन् तुम्हीच नदीत नाही उतरत?" ती हसायची. हे हसणंही तिला पाठ झालं होतं.

मूळची ती उमरेडची, हातमागवाल्यांच्या घरातली. तिच्या लहानपणी घरात दोन माग होते, ती दहावीला गेली तेव्हा एकच राहिला, आणि तिच्या लग्नाच्या वर्षी त्या एकावरही आई वाळवणं टाकू लागली होती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये निवेदन करायची म्हणून तिचा आवाज गावात माहीत होता. त्याच आवाजावर तिला ही नोकरी मिळाली. नवरा ईश्वरदास आधी गांधीबागेत एका कापड दुकानात होता. दुकान मालकाच्या मुलांनी वाटून घेतलं तसा तो कळमन्याच्या बाजारात मापारी म्हणून लागला. फळांच्या गाड्या उतरायच्या, माल तोलायचा, ओरडून आकडा सांगायचा. त्यासाठी तो कोंबडं आरवायच्या आत घराबाहेर पडायचा आणि दुपारी येऊन झोपायचा. सरिता सोमवार ते शनिवार ऑफिसात फोनवर बुकिंग घ्यायची, संध्याकाळी घरी यायची तेव्हा त्याची जेवून लवंडायची वेळ झालेली असायची. त्याला सुट्टी रविवारची. तिला रविवारीच सगळ्यात जास्त काम, नदीची सहल नसली की दुसरी कुठली तरी. मुलगी पिंकी पुण्याला शिकायला गेल्यापासून तर घरात बोलणं असं उरलंच नव्हतं. गॅस संपला, लाइटचं बिल भरलं, दार नीट लावून घे, एवढंच.

त्या आठवड्यात शनिवारीही एका कॉलेजची ट्रिप निघाली होती. पोरांनी दिवसभर तिला बसू दिलं नव्हतं. घरी येऊन तिने कपडे वाळत घातले, डोळा लागतो न लागतो तोच गजर वाजला. रविवारी पहाटे चौकात बसजवळ उभी राहून ती प्रवाशांची नावं विचारत होती, तेव्हा आपण उभ्याउभ्या मिटून जातोय असं तिला वाटत होतं.

त्या दिवशीच्या प्रवाशांत एक म्हातारी बाई होती. वच्छलाबाई तिचं नाव. मुलगा धम्मदीप बँकेत होता, सून श्वेता शाळेत शिकवायची. दोघांनी आईला घरी एकटं ठेवायला नको म्हणून सोबत आणलं होतं आणि तिचंही पूर्ण तिकीट काढलं होतं. वच्छलाबाई दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त होऊनही बराच काळ झाला होता. पांढरी स्वच्छ साडी, वर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. बसमध्ये सगळे गात होते तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत होत्या, पण सरिता माइक घेऊन जवळून गेली की त्यांचे डोळे तिच्या पायांकडे जायचे.

कॅम्पवर तर्री पोहे झाले. लोकांनी लाइफ जॅकेट चढवली, हेल्मेटचे पट्टे आवळले. वच्छलाबाई खुर्चीवरून उठल्या नाहीत.

"आई, चल ना. पैसे भरले आहेत," धम्मदीप म्हणाला.

"भरले तर भरले. तुम्ही जा. मी जिंदगीभर उभीच राह्यली बाप्पा. आता मले बसू दे."

जीप राफ्ट आणि माणसं घेऊन वरच्या अंगाला गेली. सरिताने स्वयंपाकाचं पाहिलं, ताटं पुसून घेतली, मग खाली काठावर जाऊन येणाऱ्या राफ्टची वाट बघत उभी राहिली. राफ्ट वळणावरून दिसली की फोटो काढायचे, हात हलवायचे, "वल्हं वर करा" म्हणून ओरडायचं. दुपारी भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा वाढताना तिचा हात एकदोनदा भलत्याच ताटाकडे गेला.

जेवणानंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून मंडळी एटीव्हीच्या ट्रॅककडे निघाली. तिकडचं सगळं चेतन बघायचा. तरुण, गुणी पोरगा, रामटेकचा. निघताना तो म्हणाला, "ताई, तुम्ही येऊन राहिल्या ना? इथली मलमपट्टीची पेटी कालच्या पोरांनी संपवली. तुम्ही नवी आनली का?"

"आनली. बॅगेत आहे. तू जा समोर, मी मागून येते चालत. मावशी एकट्या आहेत, त्यांले चहा देते आन् निघते."

तिने चहा आणून दिला. वच्छलाबाई मोहाच्या झाडाखाली बाजेवर बसल्या होत्या. शेजारी आणखी एक रिकामी बाज होती. सरिता तिच्या कडेवर टेकली.

"किती दिवसाची थकली आहेस वं तू?" वच्छलाबाईंनी विचारलं.

हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. "नाही मावशी. काल ट्रिप होती ना, म्हणून जरासं."

"हे कालचं नोहे. मी पोरींले वॉर्डात पाहात आली आहे. डोळ्याखालचं कालचं वेगळं राह्यते. पाय वर घे."

"मले तिकडे जा लागते."

"जाशील. पाच मिनिटं पाय तं वर घे."

सरिताने चपला काढल्या, पाय वर घेतले, बॅग डोक्याखाली सारली. उन्हाची तिरीप पानांतून येत होती. खालून नदीचा आवाज येत होता, नेहमी येतो तसाच. स्वयंपाकाच्या बाईने भांडी घासायला काढली, त्याचा खडखडाट तिने ऐकला. त्यापुढचं तिला काहीच आठवत नाही.

जाग आली ती कोणी तरी बॅग ओढत होतं म्हणून. ऊन उतरलं होतं. समोर चेतन उभा होता, मातीने माखलेला, चेहरा पांढराफटक.

"ताई, पेटी द्या लवकर. मी किती फोन लावून राहिलो तुमाले."

ट्रॉली आली होती. श्वेता खाली उतरत होती, उजवा हात डाव्या हातात धरून. वळणावर तिची एटीव्ही कलली होती आणि ती कडेच्या पाण्याच्या चारीत पडली होती. कोपर सोललं होतं, मनगट सुजलं होतं. सरिता अनवाणीच धावली, पण वच्छलाबाई तिच्या आधी पोहोचल्या. त्यांनी सुनेला बाजेवर बसवलं, बोटं एकेक हलवून पाहिली, मनगटावरून अंगठा फिरवला.

"मोडलं नाही. मुरगळलं आहे. तरी उद्या हाडाचा फोटो काढून घेऊ," त्या म्हणाल्या. मग पेटी उघडून त्यांनी जखम धुतली आणि पट्टी बांधली. त्यांचे हात भरभर चालत होते.

धम्मदीप सरिताकडे वळला. "मॅडम, तुम्ही कुठे होत्या? तिकडे कापसाचा एक बोळा नव्हता. अर्धा तास माझी बायको रडत बसली होती. तुम्ही फोन उचलत नाही. ही काय जबाबदारी झाली?"

सरिताने फोन बघितला. त्याचा आवाज बंद केलेला होता. तिने केला नव्हता.

"तो मी बंद केला," वच्छलाबाई म्हणाल्या. "वाजून राहिला होता सारखा. ही मेल्यावानी झोपली होती, मी उठू नाही दिली. मले काय माहीत तिकडे हे झालं म्हणून. रागवायचं असंन तं मले रागव."

"आई, तू मधात नको बोलू. ही ड्युटीवर होती."

"हो," सरिता म्हणाली. "माझी ड्युटी होती. मी झोपली. मावशींचं काही नाही त्याच्यात." तिने श्वेतासमोर बसून तिच्या बुटांतली माती काढली. श्वेता म्हणाली, "राहू द्या हो ताई," पण तिने पाय मागे घेतला नाही.

परतीच्या बसमध्ये माइक हुकाला लटकत राहिला. सरिताने तो घेतला नाही. गाणं कोणाला सुचेल असं वातावरण नाही, असं तिला वाटत होतं, आणि आता लोक कुजबुजतील, तक्रार करतील, याची ती वाट बघत पुढच्या सीटवर ताठ बसली होती. मागून काहीच ऐकू येईना तेव्हा तिने वळून पाहिलं. सगळी बस झोपली होती. सकाळी सगळ्यात मोठ्याने गाणारा जाड गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपला होता. पोरंसोरं एकमेकांच्या अंगावर पडली होती. धम्मदीपही झोपला होता, बायकोचा बांधलेला हात स्वतःच्या मांडीवर जपून धरून. जाग्या फक्त वच्छलाबाई होत्या. त्यांनी सरिताकडे पाहून हात हलवला, तू पुढे बघ, अशा अर्थाने. इतकी वर्षं परतीच्या वाटेवर आपण अशा थकल्या माणसांना ओरडून ओरडून जागं ठेवत होतो, हे सरिताला कन्हानच्या पुलावर पहिल्यांदा कळलं. तिला हसू आलं नाही. तिने हुकाला लटकलेल्या माइकचं बटण बंद करून टाकलं.

सोमवारी पियूषने तिला समोर बसवलं. तो ओरडला नाही. त्याच्यासमोर धम्मदीपची तक्रार होती आणि त्यात लिहिलेलं सगळं खरं होतं.

"ताई, तुमच्याकडनं हे अपेक्षित नव्हतं. या महिन्यात तुम्ही ट्रिपवर नका जाऊ. ऑफिसातली ऋतुजा जाईल. लोकांलेही दिसलं पायजे ना, आपन काही केलं म्हणून."

"ऋतुजा लहान आहे. तिले एकटीले नका पाठवू," सरिता म्हणाली. "दोघी पायजेत पियूष. मी आधीच सांगायला पायजे होतं. सातही दिवस एका मानसाच्यानं होत नाही. मी परत येईन तेव्हाही सोबत कोनी असंन तरच येईन."

पियूषने तक्रार बाजूला सारली. इतक्या वर्षांत तिने काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं. "बघतो," तो म्हणाला. आणि पुढे त्याने खरंच बघितलं. कामावर आणखी एक मुलगी घेतली, ट्रॅकवर कायमची पेटी ठेवली. पण ते नंतरचं.

पुढचा रविवार उजाडला तेव्हा गजर लावलेला नसतानाही सरिता पहाटेच उठून बसली. ईश्वरदास शेजारी झोपला होता. रविवारच्या सकाळी तो कसा झोपतो हे तिने कधी पाहिलेलंच नव्हतं. एक हात छातीवर, ओठ किंचित हलत, जणू झोपेतही वजनाचे आकडे सांगतोय. ती परत आडवी झाली आणि दुपारपर्यंत उठली नाही.

उठली तेव्हा त्याने खिचडी टाकली होती. पाणी जास्त झालं होतं. दोघं जमिनीवर बसून जेवू लागले. मग त्यानेच विचारलं.

"तिथं नदीत काय करते वं लोक? एवढे पैसे भरून?"

"नावेत बसतात. रबराची राह्यते. पाणी उसळलं की सगळे वल्हं मारतात, वरडतात, भिजतात. मग खाली उतरतात."

"बस?"

"बस. मग गाड्या फिरवतात मातीत."

तो घास चावत राहिला. "तू बसली का त्यात कधी?"

"नाही."

"काहून?"

"माझी सीट नाही राहात त्यात. मी काठावर उभी राह्यते, फोटो काढते."

ईश्वरदासने मान हलवली. त्याला हे समजण्यासारखं होतं. मापारी झाल्यापासून तो संत्र्यांच्या ढिगात उभा होता आणि घरी कधी त्यांची पेटी आणली नव्हती. "दिसायला कशी आहे नदी?" त्याने विचारलं.

सरिता सांगू लागली. वळण कुठे आहे, खडक कुठे आहेत, सकाळी पाण्यावर धूर कसा असतो, ऊन आलं की तो कसा विरतो. माइकवर सांगायची तसं नाही, हळू, थांबत थांबत. मधेच आपला आवाज खाली आला आहे हे तिच्या लक्षात आलं, पण ईश्वरदासला तो नीट ऐकू येत होता. खिचडी गार झाली. दोघांनाही उठून ताटं उचलायचा कंटाळा आला होता, म्हणून ती सांगत राहिली आणि तो भिंतीला टेकून ऐकत राहिला.