वरच्या जांभळीचे पर्यटक

मराठवाड्यात चार झाडं आणि एक चढ दिसला की त्याला मिनी महाबळेश्वर म्हणायची रीत आहे. भाच्यानं वरच्या जांभळीचा व्हिडिओ पाठवला तेव्हा मी नाकच मुरडलं. पण नांदेडात पंख्याखाली बसून बसून कंटाळा आला होता आणि रविवारी मुखेडहून थेट एसटी होती. म्हटलं, बघून तर येऊ.

मुखेडला गाडीत मी एकटीच प्रवासी. झालं पर्यटन, असं मनात म्हणतेय तोच बालाघाटाच्या पायथ्याला, फाट्यावर, गाडी थांबली आणि वीस-बावीस माणसं चढली. कुणाला टोपी, कुणाच्या गळ्यात पाण्याची बाटली. माझ्या शेजारी काळा गॉगल लावलेला एक गडी टेकला. फिरायला निघालोय म्हणाला. "लई भारी ठिकाण हाय बाई. मी तर दर महिन्याला येऊन राहिलो." मला माझीच लाज वाटली. एवढी माणसं येतात, आणि आपण घरबसल्या नावं ठेवतो!

गाव चाळीसेक घरांचं. एक पार, सीताफळीच्या झुडपांचा उतार आणि वारा, तो मात्र झकास. 'सनसेट पॉइंट'ची पाटी गावाच्या पूर्वेच्या उतारावर उभी. पारावरच्या आजोबांना तसं सांगितलं तर म्हणाले, पश्चिमेला उकिरडे आहेत. शिवाय परतीची गाडी तीनला, त्यामुळे आजवर कुणाची तक्रार आलेली नाही.

जेवण सुगलाबाईंकडे होतं. वय सत्तरीचं, कपाळाला विभूती, गुडघ्यांना फडकी बांधलेली. धपाटे (ज्वारीच्या पिठाचे थापून भाजलेले तिखट पोळे) आणि दही असं की मी निर्लज्जपणे तिसरा मागितला. मी प्रवासाचं लिहिते, ही बढाईही मारून घेतली. तेवढ्यात नुसत्या बनियनवर, डोक्यावर शेणाची पाटी घेऊन एक जण गोठ्यातून बाहेर आला. गॉगल नव्हता, तरी मी ओळखलं. तो सुगलाबाईंचा मुलगा बसवराज निघाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गावच्या नऊ पोरी याच गाडीनं रोज मुखेडला कॉलेजात जातात. त्यांचे पास फुकट, तिकीट काढणारं कुणी नाही, म्हणून गाडी बंद करायची बोलणी निघाली. गावानं अर्ज केला की आमच्याकडे पर्यटक येतात, रविवारीही गाडी सोडून बघा, रोजचा तोटा त्या तिकिटांतून भरून निघेल. गाडी सुटली, पर्यटक काही आले नाहीत. तेव्हापासून रविवारी पाळीपाळीनं गावकरी पायवाटेनं फाट्यावर उतरतात, तिकीट काढून आपल्याच गावी फिरायला येतात, दुपारी तिकीट काढून खाली जातात आणि डोंगर चढून घरी परततात. मी हसत सुटले. टोप्या कशाला, विचारलं. बसवराज म्हणाला, "कदी सायेब तपासाया येतेत. पटका बांधलेला मानूस पर्यटक वाटंल का?"

सुगलाबाई हसल्या नाहीत. तव्यावरचा धपाटा उलटत म्हणाल्या, "गाडी बंद झाली की आमची नात गौरी घरी बसंल. घरी बसली की लगीन. माझं बी तसंच झालं."



तीनला परत निघालो. बघते तर गाडीत सुगलाबाईही. आज परतीच्या गाडीची पाळी त्यांची होती. फाट्यावर सगळे उतरले. या गुडघ्यांनी तासाभराची चढण कशी चढणार, म्हणून मी चिडलेच त्यांच्यावर. त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि खिडकीशी आल्या. "बाई, खोटं लिव्हू नका. पर लोक येतील असं लिव्हा." मग गुडघ्यावर हात ठेवून पायवाटेला लागल्या.

नांदेडला येऊन चार दिवस झाले, वही उघडी ठेवून बसले आहे. खोटं लिहायचं नाही, तर मग ऐका. वरच्या जांभळीत बघण्यासारखं काही नाही. गाडी मुखेडहून रविवारी सकाळी सुटते. तुमच्यातलं एक जण जरी आलं, तरी त्या रविवारी सुगलाबाईंना तो डोंगर चढावा लागणार नाही.