आईच्या छातीत दुखतं

शिमग्याच्या आधी आईनं मला न्हाणीत बोलावलं आणि माझा हात धरून स्वतःच्या थानावर ठेवला. आत सुपारीएवढं टणक काहीतरी होतं. आम्ही उरणकडचे, मिठागरावर राबणारे. मिठाची पाटी डोक्यावर घेताना तिचा डावा हात वर जाईना, म्हणून तिनं सांगितलं, नाहीतर तेही सांगितलं नसतं. "दूध गोठला असंल," ती म्हणाली. माझ्या धाकट्या भावाचं दूध सुटून बारा वर्षं झाली होती.

मी वीस वर्षांची, शाळेत नुकतीच लागलेली मास्तरीण. तिला डॉक्टरांकडे नेलं. आमच्या बायका परक्या पुरुषापुढे तोंड उघडत नसत, डॉक्टर का असेना. बरोबर जी येई तीच बोले. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? मला पुस्तकातला शब्द ठाऊक होता, घरातलाही ठाऊक होता. दाराशी चार माणसं बसली होती. मी म्हणाले, "आईच्या छातीत दुखतं."

त्यांनी पदरावरूनच नळी लावली, तिला खोकायला सांगितलं आणि डोसाची कागदी पट्टी चिकटवलेली लाल औषधाची बाटली दिली. खोकल्याचं औषध! खोकला नव्हताच. आईनं ते इमानेइतबारे घेतलं. बाटली धुऊन तीनदा भरून आणली. तिन्ही वेळा मी बरोबर होते आणि "अजून दुखतं" यापलीकडे बोलले नाही. शाळेत पोरांना मात्र स्पष्ट बोला, स्पष्ट बोला म्हणून छड्या मारत होते. आई पुढे दीड वर्षच जगली. त्या तीन बाटल्या आठवल्या की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

वैशाखात कातडी आत ओढली गेली, काखेतही गाठी लागल्या. तेव्हा बानं आम्हाला लाँचनं मुंबईला धाडलं. तिथल्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासून सरळ सांगितलं, कॅन्सर आहे. थान काढायचं, काखेतलंही काढायचं, मग विजेचे शेक. हात पूर्वीसारखा राहणार नाही.

"तुझ्या बाला इचारून येव," आई म्हणाली. पण पावसाळा तोंडावर होता. लाँचचा भरवसा नव्हता. घरी गेलो तर नारळी पुनवेपर्यंत परतणं कठीण. डॉक्टरांना तर त्याच दिवशी उत्तर हवं होतं.

आई बाकावर बसून डावा हात उजव्या हातानं चोळत राहिली. "थान गेला त जाव दे," ती म्हणाली, "पोरा वाढवली त्यानं. पन हातानं पाटी उचलता येल का गं?" मला रडू फुटलं. ती रडली नाही. हात चोळणं थांबवून म्हणाली, "कापूं दे."

कागद भरताना डॉक्टरांनी विचारलं, "गाठ कधीपासून आहे? इतके दिवस कुणाला सांगितलं नाही?"

मी तोंड उघडलं. पण जन्मात कधी परपुरुषाशी न बोललेली माझी आई माझ्याआधी बोलली. "मीच लपवला. पोरीला काय बी म्हाईत नव्हता. सांगला असता त तिनं कवाच आनला असता."

डॉक्टर चिडले. अडाणीपणा, लाज, जिवापेक्षा लाज मोठी का, असं बरंच बोलले. ती मान खाली घालून ऐकत राहिली. एका वाक्याचं काम होतं. ते मी केलं नाही.

त्यांनी कागदावर लिहिलं आणि तिला वाचून दाखवायला माझ्याच हातात दिला. शस्त्रक्रियेला संमती आहे. हात अधू होऊ शकतो, हे समजलं आहे. रोग्यानं आजार लपवल्यामुळे उशीर झाला आहे. मी एकही शब्द न गाळता वाचलं. मग आईनं खाली अंगठा उठवला.