दोन हळू, चार हळू, चार लवकर

आमच्या काळ्या रानात पावसाळ्यात चाकाला चिखल धरतो. आधी बोटभर, मग वितभर, आणि मग चाक कुठलं नि चिखल कुठला ते कळेनासं होतं. किस्स्यांचंही तसंच असतं बघा. शेजारच्या आप्पांनी गाडी घेतली, ती दारात यायच्या आधीच तिला चार किस्से चिकटले होते. आता तर गाडी कमी नि किस्से जास्त!

मला हे सगळं कसं माहीत, ते विचारू नका. माझ्या मोरीची खिडकी आप्पांच्या अंगणात उघडते. कधी कधी मला चार भांडी घासायला दोन तास लागतात. "सुमनला चौकशा लई," असं वस्तीवर म्हणतात. म्हणू देत. खबर पाहिजे असली की माझ्याच ओट्यावर येऊन बसतात!

आधी गाडी का घेतली ते सांगते. मांडवगण फराट्याहून आमची वस्ती दीड किलोमीटर आत. डांबरी संपली की सगळी काळी माती, मधे एक ओढा. आप्पांची बायको म्हणजे आमची अक्का. तिची किडनी थकलीय. आठवड्यातनं दोनदा दौंडला डायलिसिसला न्यावं लागतं, आणि एकही वार चुकवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. उन्हाळ्यात कुणाचीही गाडी मिळायची. पाऊस लागला की एक गाडीवाला आत यायला तयार होईना. एकदा तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं डांबरीपर्यंत न्यावं लागलं. ट्रॉलीत प्लॅस्टिकची खुर्ची. चौघांनी अक्काला उचलून खुर्चीत ठेवली नि हातात छत्री दिली. अक्का सहसा रडत नाही. त्या दिवशी पाऊस वरनं पडत होता नि तिनं छत्री तोंडापुढं धरली होती.

दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा संतोष आला. तो रांजणगावला कंपनीत आहे, तिथंच तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट.

"आई, बास झालं आता. फ्लॅटवर चल. खाली उतरलं की रिक्षा."

"आन् माझी शेळी?"

"शेळी इकून टाकू."

"का? लिफ्ट हाय न्हवं तुझ्याकडं? उभी राहील की लिफ्टमधी. गुणाची हाय ती!"

आप्पा ओट्यावरनं उठले. म्हणाले, "गाडीच घिऊ. चारी चाकं वढणारी."

अक्का म्हणाली, "घ्या. पर आत्ताच सांगून ठिवते. मला कुणी उचलून ठिवायचं न्हाई. मी काय उसाची मोळी न्हाई!"

* * *

झालं! आप्पा फोर बाय फोर घेणार, ही बातमी वस्तीभर झाली. कुणी केली ते सोडा.

आमचे हे म्हणाले, "चार बाय चार? एवढ्याशात बसायचं का आंघोळ करायची?"

मग सल्ले सुरू. एकजण म्हणे पांढरीच घ्या, पुढारी उतरल्यासारखं वाटतं. दुसरा म्हणे काळी घ्या, चिखल दिसत नाही. कुणी म्हणे टायर बघा, कुणी म्हणे हॉर्न बघा. आप्पांनी सगळ्यांना चहा पाजला नि कुणाचंच ऐकलं नाही.

एक दिवस डबा बांधून घेतला नि एसटीनं वरवंडला गेले. तिथं हायवेला एक गॅरेज आहे. समोरच्या चहाच्या टपरीवर सकाळपासनं दुपारपर्यंत नुसते बसून राहिले. कुठली गाडी टोचन करून आणतात, कुणाचं काय उघडलंय, सगळं बघितलं. शेवटी गॅरेजवाल्यालाच शंका आली. फडक्याला हात पुसत बाहेर आला.

"मामा, कुणाची वाट बघताय?"

"न बिघडणारी गाडी बघतोय. कंची घिऊ, तेवढं सांगा."

"आता बिघडणाऱ्या पाहिजे तेवढ्या सांगतो! जी न्हाई बिघडत, तिची नि माझी वळख कशी आसंल?"

आप्पा घरी आले ते खूश होऊन. म्हणाले, "जी तिथं दिसली न्हाई, तीच घ्यायची." दिवसभरात एकच मॉडेल दिसलं नव्हतं. ठरलं!

* * *

शोरूमला अक्का जाणार म्हटल्यावर मीही गेले. तिच्या सोबतीला कुणीतरी नको का?

आप्पांच्या काखेत स्वयंपाकघरातला पाट होता. जेवायला बसायचा, लाकडी. दारातल्या वॉचमनला वाटलं, पूजेला आलेत.

तिथला पोरगा चांगला टायवाला होता. गाडीभोवती फिरून फिरून सांगायला लागला. "सर, पॉवर बघा! सर, सनरूफ बघा, बटण दाबलं की छत उघडतं!"

आप्पा म्हणाले, "आमच्या छपराला बटण न दाबताच उजेड दिसतो. म्होरं सांगा."

"सर, ग्राउंड क्लिअरन्स तर विचारूच नका!"

"म्हंजी?"

"गाडी जमिनीपासून किती उंच आहे ते, सर. कसल्याही रस्त्यात पोट घासणार नाही."

"बराय. गाडी जमिनीपास्नं किती वर हाय ते कळलं. आता आमची मालकीण किती वर जाती ते बघू."

असं म्हणून आप्पांनी पाट खाली ठेवला. चकचकीत फरशीवर, सगळ्या गिऱ्हाइकांदेखत! अक्कानं चप्पल काढली, कारण पाटावर चपलेनं कोण पाय देतं? एक पाय पाटावर, एक हात दाराच्या दांडीला. पहिल्यांदा जमलं नाही. टायवाला पोरगा हात द्यायला पुढं झाला, तसं आप्पांनी त्याला मागं ओढलं.

"थांबा. तिला चढू द्या."

तिसऱ्या वेळी चढली. सीटवर बसली, पदर सारखा केला नि त्या पोराला म्हणाली, "चांगली हाय हो गाडी!"

आप्पांनी टेस्ट ड्राइव्हसुद्धा घेतली नाही. म्हणाले, "झाली की टेस्ट."

घरी आल्यावर त्यांनी पाटाला भोक पाडून दोरी ओवली. आता अक्का पाटावरनं चढते, सीटवर बसते आणि विहिरीतनं बादली शेंदावी तसा पाट वर शेंदून घेते. उतरताना परत खाली सोडते. कुणाचा हात नको, काही नको.

* * *

गाडी दारात आली. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हळदकुंकू, सगळं झालं. पहिला मान शेजाऱ्यांचा म्हणून मी आत बसले नि दार लावलं. जरा जोरात लागलं असेल.

आप्पा ओरडले, "अगं सुमन, हळू! ट्रॅक्टरचं दार हाय व्हय ते?"

मी म्हटलं, "आप्पा, ट्रॅक्टरला दार कवा असतंय?"

आप्पा चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवणारा माणूस. त्यांनी स्वतः दार उघडून हळूच लावून बघितलं. मग म्हणाले, "म्हणूनच तुला सवय न्हाई!"

* * *

आता खरा किस्सा. गिअरच्या मागं एक गोल बटण आहे, त्यावर तीन खुणा. टू एच, फोर एच, फोर एल. शोरूमच्या पोरानं समजावलं होतं, पण फडाफडा इंग्लिशमधी. आप्पा सातवी पास. अक्षरं लागतात. त्यांनी आपल्या डोक्यानं अर्थ लावला. एच म्हणजे हळू. एल म्हणजे लवकर. दोन हळू, चार हळू, चार लवकर! किती सोपं!

पहिल्यांदा अक्काला दौंडला न्यायचं होतं, सोबतीला मागच्या सीटवर मी. कोरडा रस्ता, लखलखीत ऊन. दवाखान्याचं काम, उशीर नको, म्हणून आप्पांनी लावलं 'चार लवकर'.

गाडी बोंबलायला लागली. आप्पा पाय दाबतायत, गाडी नुसतीच ओरडतीय, पुढं काही पळंना. वळणावर तर अडखळायला लागली. अक्का म्हणाली, "अहो, ही रडतीया."

"नवी हाय. माहेरची आठवण येत आसंल."

सायकलवाल्यांनी मागं टाकलं. मग दुधाचे कॅन लटकवलेला आमच्याच वस्तीचा दूधवाला मोपेडवरनं आला. गाडीच्या बरोबरीनं चालला, काचेतनं वाकून बघितलं नि म्हणाला, "आप्पा, धक्का मारू का?"

दौंडच्या अलीकडं आप्पांनी गाडी बाजूला घेतली नि संतोषला फोन लावला. "आरं, चार लवकर लावलंय, तरी पळंना!"

संतोषला समजायला बराच वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचं हसू मला मागच्या सीटवर ऐकू आलं. "आप्पा, एल म्हंजी लो! चिखलात लावायचं, ताकद लागती तवा! एच म्हंजी हाय, रोजच्या रस्त्याला!"

आप्पा तापले. "मग एल लवकरचा का न्हाई? गाडी मराठी मुलखात इकत्यात न्हवं?"

त्यावर अक्कानं तोडगा काढला. कपाळाची लाल टिकली काढली नि फोर एलवर चिकटवली. "आता अक्षरं बघूच नगा. चिखल दिसला की गाडी थांबवायची, टिकली लावायची."

तेव्हापासनं आमच्या वस्तीवर हा शब्दच पडलाय. पोरीचा गणिताचा पेपर असला, सुनेचं सासूशी वाजलं, मोटार पाणी उचलंना, काहीही असो. "लाव टिकली!"

* * *

पाऊस सुरू झाला तसा संतोष परत फ्लॅटचं काढायला आला. त्याची शहरातली गाडी, बसकी. मी खिडकीतनंच ओरडले, "संतोष, गाडी तिकडंच ठिव!" पण चौकशा करणाऱ्या बाईचं कोण ऐकतं! घरापासनं हाकेवर गाडीचं पोट टेकलं. चाकं फिरतायत, चिखल उडतोय, गाडी जागेवर. नवा पांढरा शर्ट ठिपक्याठिपक्यांचा झाला.

आप्पांनी आपली गाडी काढली, टिकली लावली, दोर बांधला नि त्याला ओढत अंगणात आणला. संतोष उतरला तो मान खाली घालून. अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिनं वर बघितलं.

"काय रं, फ्लॅट रुतला व्हय?"

हसून हसून माझ्या हातातलं पातेलं पडलं. पण जेवताना संतोष जे बोलला तेही मी ऐकलं. "आप्पा, गाडी चांगली हाय, मान्य. पर चालवणारे तुम्ही एकटंच. तुम्हीच एखाद्या वारी आडवं पडला, तर आईला कोण नेणार?"

 आप्पांनी ताटातली भाकरी मोडली नि तशीच ठेवली.

* * *

आणि गेल्या पावसाळ्यात तसंच झालं. दोन दिवस झड लागलेली. अक्काचा दौंडचा वार, नि आप्पा तापानं फणफणलेले. उठून उभं राहवंना. तरी म्हणतात, "किल्ली द्या, मी चालवतो." आमचे हे गावाला गेलेले. दूधवालासुद्धा डांबरीलाच कॅन ठेवून बसलेला.

अक्का तयार होऊन बसली होती. पिशवी मांडीवर, पाट शेजारी. "आजचा वार राहू द्या," म्हणाली. पण तिचे सुजलेले पाय मला दिसत होते.

संतोषला फोन मी केला. कुणी सांगितलं नव्हतं. नाक खुपसायची सवय आहे, काय करणार!

रात्रपाळी करून तसाच आला. गाडी डांबरीला ठेवून दीड किलोमीटर चालत, बूट हातात, गुडघ्यापर्यंत काळा. मला वाटलं, आता फ्लॅटचं काढणार. त्यानं काही काढलं नाही. काखेत बांधावरचा सुबाभळीचा पाला होता. तो आधी शेळीपुढं टाकला, मग किल्ली मागितली.

अक्कानं पाट खाली ठेवला, पण स्वतःच्या दाराशी नाही. मागच्या दाराशी. आप्पांना म्हणाली, "चढा. तापाचं औषध तिथंच घिऊ."

"मला पाट? मी काय म्हातारा झालो का?"

"न्हाई. उसाची मोळी झालाय. चढा!"

आप्पा चढले. मग ती पाट घेऊन पुढं गेली, आपली आपण चढली, पाट शेंदून मांडीवर घेतला. पदराला चिखल लागला तरी सोडला नाही. मी मागं आप्पांना धरून बसले. कुणीतरी बसायलाच पाहिजे होतं.

संतोषनं चिखलात ही गाडी कधी चालवली नव्हती. बटणावर हात ठेवला नि खुणा वाचायला लागला.

"टिकली लाव," अक्का म्हणाली.

त्यानं लावली. ओढ्याचं पाणी ओसरलं होतं, पण उतारावर नुसता लोण्यासारखा चिखल. गाडी खाली गेली नि मागचा भाग एका अंगाला घसरला. संतोषचा पाय ब्रेककडं गेला.

"हितं दाबू नगं. तुझा बाप हितं दाबत न्हाई."

चढाला चाकं जागेवर फिरली. गाडी बोंबलायला लागली. संतोषनं अक्काकडं बघितलं. अक्का समोर बघत होती. आप्पांचे डोळे मिटलेले, डोकं माझ्या खांद्यावर, अंगाची भट्टी. मला वाटलं झोपलेत. पण ते इंजिन ऐकत होते.

"रडू दे तिला," म्हणाले. "रडती तवाच वढती."

गाडीनं एक धक्का घेतला, मग दुसरा. आणि चाकाखाली खडखड वाजलं. खडी. मग डांबरी.

संतोषनं गाडी थांबवली. स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. वायपर नुसतेच इकडून तिकडं करत होते. जरा वेळानं बटणावर हात ठेवून त्यानं मागं न बघताच विचारलं, "आप्पा, आता?"

"दोन हळू."

मी म्हटलं, आता हा हसणार. हा कंपनीतला माणूस, मशिनी चालवणारा.

"व्हय," संतोष म्हणाला. "दोन हळू." आणि लावलं.

मग आम्ही निघालो. रस्ता रिकामा होता, गाडी चांगली होती, तरी आम्ही इतके सावकाश चाललो होतो की मागनं दूधवाला मोपेडवरनं आला. बरोबरीनं चालला, काचेतनं वाकला.

"आप्पा, धक्का मारू का?"

अक्कानं काच खाली केली. एक हात मांडीवरच्या पाटावर तसाच ठेवून दुसरा पावसात बाहेर काढला, नि तू हो पुढं म्हणून त्याला खूण केली.